फिरस्ते, अफवा आणि सरकारी शिक्का

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) मी आजवर तीनदा वाचला. पहिल्यांदा विशी-बाविशीत, निव्वळ भाषेसाठी. कुणब्याची शेती, बलुत्याचा हिशेब, पाटील-कुलकर्ण्यांचे व्यवहार यांविषयी इतके नेमके मराठी त्याआधी माझ्या वाचनात आले नव्हते. त्यातले शब्द मी वहीत उतरवून घेतले होते; ती वही अजून आहे. दुसऱ्यांदा वाचला तो चाळिशीत, सोलापूरच्या गिरण्यांत आलेली माणसे कोणत्या गावरहाटीतून सुटून आली याचा शोध घेताना. तिसरे वाचन जुलै २०१८ मधले. ते एकाच प्रकरणापुरते होते. त्या प्रकरणाचे नाव 'फिरस्ते'.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा संदेश त्या भागात मोबाइलवर फिरत होता. एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले, असे तेव्हाचे वृत्तांत सांगतात. पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले गेले आणि तिथेच, बंद खोलीत, त्यांचा जीव गेला. मारणाऱ्यांनी चित्रणही केले. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. डौर वाजवणारे म्हणून डवरी. पाचांपैकी बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. दामाजीपंतांचे मंगळवेढे, चोखोबांचे मंगळवेढे. तिथून निघालेली माणसे चारशे-पाचशे किलोमीटरवर मारली गेली, आणि ती कोण होती हे कळेपर्यंत सगळे आटोपले होते.

या लेखाचा विषय आहे खोट्या माहितीला कायद्याने आळा घालावा की नाही हा वाद. गेली सात-आठ वर्षे तो आपल्याकडे चालू आहे. एक बाजू म्हणते, अफवा माणसे मारतात, म्हणून सरकारने खऱ्याखोट्याची छाननी करावी. दुसरी बाजू म्हणते, बोलण्यावर बंधन नको; खोट्याला उत्तर म्हणजे अधिक बोलणे. दोन्ही बाजूंचे लेख मी कात्रणे काढून ठेवले आहेत. दोन्हींकडे बुद्धिमान माणसे आहेत. तरीही राईनपाड्याच्या त्या खोलीत नेऊन उभे केले की दोन्ही युक्तिवाद अपुरे पडतात, असे मला वाटते. ते का, हे मांडण्याचा हा प्रयत्न. मी कायद्याचा अभ्यासक नाही आणि विद्यापीठातलाही नाही. जुनी पुस्तके आणि शहराची जुनी कागदपत्रे एवढीच माझी शिदोरी. त्या शिदोरीवर जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो.

१

आधी एक कबुली. जून २०१८ मध्ये आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुले पळवणाऱ्यांचा संदेश आला होता. सोबत एक चित्रफीत होती. मी तो संदेश पुढे पाठवला. तीन ठिकाणी पाठवला. वर स्वतःची पुस्तीही जोडली : 'खात्री नाही, पण सावध असलेले बरे.' कागद पाहिल्याशिवाय एक तारीखही न लिहिणारा मी. एका बखरीतला शक जुळेना म्हणून सहा महिने लेख अडवून ठेवलेला मी. पण अंगठ्याला कसलाही पुरावा लागला नाही. माझा संदेश धुळ्याला पोचला असे मी म्हणत नाही, बहुधा नसावा. पण राईनपाड्यातल्या माणसांच्या हातात जे होते ते माझ्यासारख्याच कोणीतरी, बहुधा अशाच काळजीने, पाठवलेले होते. 'खात्री नाही पण' हे तीन शब्द मला त्यानंतर कधी निर्धास्तपणे लिहिता आले नाहीत.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक पुढे बरीच गाजली. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. जे उरले त्यात नवे काहीही घुसडलेले नव्हते. काढले होते ते फक्त शेवटचे काही क्षण. खोटी माहिती म्हणजे रचलेली थाप, असे आपण समजतो. पण पुष्कळदा ती खऱ्याचाच कापलेला तुकडा असते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

'अधिक बोलणे' हे उत्तर इथे का चालले नाही? या मताचा मूळपुरुष जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने त्याला वाचले, पचवले आणि 'सुधारका'तून आपल्या भाषेत आणले. पण मिल आंधळेपणाने बोलण्याची बाजू घेत नाही. 'ऑन लिबर्टी' (१८५९) मध्ये त्याने धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण दिले आहे. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापून आले तर त्याला हात लावू नये. पण तेच मत व्यापाऱ्याच्या घरापुढे जमलेल्या खवळलेल्या जमावाला ऐकवले, तर ते शिक्षेला पात्र ठरते. वाक्य तेच, जागा आणि वेळ बदलली की त्याचे रूप बदलते.

मिलच्या काळी वर्तमानपत्र आणि जमाव या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक घरी बसून वाचायचे, दुसरा रस्त्यावर असायचा. मध्ये वेळ असायचा. विचार करायला, चौकशी करायला, दुसऱ्या दिवशीचे पत्र यायला. मोबाइलने हा मधला वेळ खाऊन टाकला. आज वर्तमानपत्र जमावाच्या हातातच असते आणि ते तिथेच, घरापुढे उभे राहून वाचले जाते. खोट्याला खऱ्याने उत्तर द्यावे हे तत्त्व मला मान्य आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. उत्तर देणाऱ्याला वेळ मिळेल आणि त्याचे कोणी ऐकून घेईल, हे ते गृहीत. त्या पाचांकडे यातले काहीच नव्हते. ते बोलले नसतील का? आम्ही कोण, कुठले, हे सांगितले नसेल का? त्यांच्या शब्दाला त्या खोलीत किंमत नव्हती. का नव्हती, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोबाइलमध्ये सापडत नाही. त्यासाठी 'गावगाडा' उघडावा लागतो.

२

आत्रे हे महसूल खात्यातले अधिकारी. गावोगाव हिंडलेले, डोळे उघडे असलेले, कुणब्याविषयी मनापासून कळवळा असलेले. त्यांचा ग्रंथ मराठीतल्या समाजशास्त्रीय लेखनाचा पाया मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण या कळवळ्याला एक दुसरी बाजू आहे. कुणब्याच्या डोक्यावर कोणाकोणाचा भार आहे याचा हिशेब आत्रे मांडतात तेव्हा त्यात भटक्यांचा मोठा वाटा निघतो. मागते, खेळ करणारे, देवाच्या नावाने येणारे, पाल ठोकून राहणारे. हे सगळे गावाच्या खळ्यावर जगतात, मिळाले नाही तर उचलतात, असा त्या प्रकरणाचा सूर आहे. निरीक्षणे बारीक आहेत. पुष्कळ खरीही असतील. मात्र ती सगळी गावाच्या आतून, खळ्याच्या मालकाच्या बाजूने केलेली आहेत. पालाच्या आत शिरून गावाकडे पाहणारे वाक्य मला तिन्ही वाचनांत सापडले नाही. पहिल्या दोन वाचनांत ते नसल्याचे जाणवलेही नाही, हे माझ्याविषयी.

'गावगाड्या'आधी चार वर्षे, १९११ मध्ये, आत्र्यांचे 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक आले. त्याआधी १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'विषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. जातवार वर्णन, पेहराव, बोली, चोरीच्या पद्धती, ओळखायच्या खुणा, असा त्याचा घाट. आणि १९११ हेच ते वर्ष, जेव्हा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नव्याने करून उत्तर हिंदुस्थानापलीकडे, आपल्या मुंबई इलाख्यासह, लागू करण्याची सोय झाली. कायदा, पोलिसांची पुस्तिका आणि मराठी ग्रंथ यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या की मन अस्वस्थ होते.

त्या कायद्याचे सार एका ओळीचे आहे. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले की त्या जमातीत जन्मलेल्या माणसावर नोंदणीची, हजेरीची, वस्तीबाहेर न जाण्याची सक्ती करता येत असे. त्याने काय केले हे सिद्ध करण्याची गरज उरत नसे.

सोलापूरकरांना हे पुस्तकात शोधावे लागत नाही. आमच्याकडे 'सेटलमेंट' आहे. काटेरी तारांच्या कुंपणात वसवलेली ही वस्ती. आत राहणाऱ्यांनी हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचे, पुन्हा कुंपणात यायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, तारा गेल्या. वस्तीचे नाव मात्र अजून सेटलमेंट आहे, आणि त्या नावाचा पत्ता सांगताना तिथल्या पोरांना आवंढा गिळावा लागतो हे मी पाहिले आहे.

डवरी गोसावी हे भटक्या जमातींत मोडतात. त्यांची गणना विमुक्तांत होत नाही. पण संशय अशा याद्या पाहून काम करत नाही. 'पाल ठोकणारा, अनोळखी बोलणारा, दारोदार फिरणारा माणूस म्हणजे चोर' ही समजूत एकदा कायद्याने, पोलिसाने आणि ग्रंथाने मान्य केली की ती सगळ्या फिरस्त्यांच्या अंगावर चढते. राईनपाड्याच्या जमावाने मोबाइलवरच्या संदेशावर विश्वास ठेवला, कारण तो संदेश त्यांना आधीपासून ठाऊक असलेलेच सांगत होता. संदेश दोन-चार आठवड्यांचा होता. त्याखालची समजूत जवळजवळ दीडशे वर्षांची होती. आणि ती समजूत कोणा टवाळखोराने पसरवलेली नव्हती. तिच्यावर सरकारी शिक्का होता.

म्हणून मी म्हणतो, भटक्यांविषयीची सर्वांत मोठी, सर्वांत दीर्घायुषी अफवा राजपत्रात छापून आली.

३

या अफवेला उत्तर कधी मिळाले? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे 'गुन्हेगार जाती'नंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी पालाच्या आतला माणूस मराठीत, स्वतःच्या नावाने बोलला. मिलच्या तत्त्वाची ही बाजू मी कमी लेखत नाही. उत्तर आले, आणि ते कोणावर बंदी घालून आले नाही. गाढवावर बिऱ्हाड लादून चाललेल्या कैकाड्याच्या पोराला शाळेत घालणे म्हणजे काय, हे 'उपरा'ने सांगितल्यावर 'फिरस्ते' हे प्रकरण पूर्वीसारखे वाचणे शक्य राहिले नाही. पण सत्तर वर्षे म्हणजे तीन पिढ्या. हजेरी देणाऱ्या आजोबाला नातवाचे पुस्तक कामी आले नाही.

'उचल्या'त आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आजच्या वादाच्या संदर्भात पुन्हा पाहायला हवे. गायकवाड चोरी नाकारत नाहीत. घरातल्या माणसांनी खिसे कापणे, मुलांना त्याचे शिक्षण देणे, पोलिसांचा मार खाण्याची सवय करून घेणे, हे सगळे ते उघड सांगतात. आता समजा, आत्र्यांचे एखादे वाक्य आणि गायकवाडांचे एखादे वाक्य शेजारी ठेवले आणि कोणा अधिकाऱ्याला विचारले, यातले खरे कोणते, खोटे कोणते? 'या जातीची माणसे चोरी करतात' हे वाक्य दोन्ही पुस्तकांतून निघेल. फरक कुठे आहे? आत्र्यांच्या काळच्या पुस्तकांत चोरी हा जातीचा स्वभाव आहे. गायकवाडांच्या पुस्तकात ती एक गोष्ट आहे, जिला सुरुवात आहे, कारण आहे आणि शेवटही असू शकतो. कराचीच्या चित्रफितीसारखाच हा प्रकार आहे. तुकडा खरा, पण पुढचामागचा भाग कापलेला. 'खरे' किंवा 'खोटे' असा शिक्का मारणाऱ्या यंत्रणेला तुकडा दिसतो, कापलेले दिसत नाही. कापलेले काय, हे दुसरे कोणीतरी बोलले तरच कळते.

आणि तो शिक्का १९११ मध्ये कोणाच्या हाती असता? केनेडी यांचे पुस्तक 'तपासलेले सत्य' ठरले असते, आणि त्या वेळी एखाद्या गायकवाडाने काही लिहिले असतेच, तर ते 'दिशाभूल करणारे' म्हणून बाजूला गेले असते. ही नुसती कल्पना वाटू नये, म्हणून आता न्यायालयातल्या एका खटल्याकडे वळतो.

४

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची एखादी माहिती बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे की नाही, हे केंद्राने नेमलेला तथ्यतपासणी कक्ष ठरवणार होता. कक्षाने तसे ठरवल्यावरही समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी तो मजकूर ठेवला, तर त्यांना असलेले कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली. पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला, गोखले यांनी तो उचलून धरला. मार्चमध्ये सरकारने पत्र सूचना कार्यालयाचा कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि नियम रद्द ठरला.

निकालपत्रे लांबलचक आहेत. सामान्य वाचकाला त्यातले दोन धागे पुरेत. पहिला असा की सरकारविषयी बोललेले खरे की खोटे हे सरकारनेच ठरवणे म्हणजे आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होणे. दुसरा असा की 'दिशाभूल करणारे' या शब्दाला काही हद्दच नाही. टीका, विडंबन, अपुरी बातमी, सगळेच त्यात बसवता येते.

मी यात एक तिसरा धागा जोडतो. तो वकिलांच्या युक्तिवादांपेक्षा आमच्या जिल्ह्याच्या अनुभवातून आलेला आहे. या नियमाने संरक्षण कोणाला मिळणार होते? केंद्र सरकारच्या कामकाजाला. राईनपाड्याला जो संदेश फिरला तो कोणत्याही सरकारच्या कामकाजाविषयी नव्हता. हा कक्ष २०१८ मध्ये असता आणि जोमाने काम करत असता, तरी त्या पाचांच्या बाबतीत त्याने एक अक्षर काढले नसते. अफवांनी माणसे मरतात म्हणून नियम हवा, असे सांगायचे. आणि नियम लिहिताना मरणारी माणसे वगळून सरकारला आत घ्यायचे, यातला विरोधाभास कोणाला दिसत नसेल तर मला आश्चर्य वाटते.

या बाबतीत सोलापूरने एकदा अनुभव घेतलेला आहे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली. पोलीसही मारले गेले, न्यायालयाची इमारत जळली. हे झाकण्याचे कारण नाही. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर मार्शल लॉ होता. त्या आधीच, एप्रिलमध्ये, व्हाइसरॉयने प्रेस ऑर्डिनन्स काढून वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचे अधिकार घेतले होते. मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी घालणे हासुद्धा अपराध ठरला. म्हणजे न बोलता डोक्यावर ठेवलेली टोपीही सरकारला बोलकी वाटली. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि पत्रसंपादक कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले.

त्या चौघांविषयीचे सरकारी सत्य 'खुनी' असे होते. ते नुसते खात्याचे मत नव्हते, न्यायालयाचा शिक्का त्यावर होता. शहराचे सत्य 'हुतात्मे' असे होते, आणि ते उघड बोलणे गुन्हा होता. आज चौघांचे पुतळे शहराच्या मध्यभागी उभे आहेत आणि १२ जानेवारीला त्यांना हार घालायला सरकारी अधिकारी येतात. शिक्का बदलायला राज्य बदलावे लागले. दोन संपादक, एक तुरुंगात आणि एक फासावर, हे सोलापूरच्या वृत्तपत्रांच्या इतिहासातले पहिले पान आहे असे मी मानतो. तथ्यतपासणीचे अधिकार सरकारला देऊ पाहणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

५

मग काही बंधन नकोच का? तसे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे मंगळवेढ्याच्या त्या घरांपुढे उभे राहून, 'तुमची माणसे गेली खरी, पण तत्त्व वाचले' असे सांगण्यासारखे आहे.

बंधन असावे, पण त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. बोलणे कोणाविषयी आहे? सत्तेविषयी असेल तर खोटे बोलण्याचीही मुभा जास्त हवी, कारण सत्तेकडे उत्तर द्यायला माणसे, छापखाने, वाहिन्या सगळे आहे. पालात राहणाऱ्याविषयी असेल तर मुभा कमी, कारण त्याच्याकडे यातले काही नाही. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात दाखवून दिले की असंख्य भटक्यांपाशी साधी ओळखीची कागदपत्रेही नाहीत. 'मी कोण' हे सिद्ध करायला ज्याच्याजवळ कागद नाही, तो अफवेचे खंडन कशाने करणार?

दुसरे, वेळ किती आहे? सत्तर वर्षे असतील तर 'उचल्या' लिहिता येतो. सत्तर मिनिटे असतील तर पोलीस पाठवावे लागतात. भीती पसरवणाऱ्या अफवेला शिक्षा सांगणारे कलम दंडसंहितेत ५०५ या क्रमांकाने होतेच. आता ते न्याय संहितेत ३५३ आहे. राईनपाड्यात कमी पडला तो कायदा नव्हता, वेळेवर पोचणारा माणूस कमी पडला. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात निर्देश दिले : प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमा, अफवांची खबर ठेवा, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. हे निर्देश नव्या नियमांइतके चर्चेत राहिले नाहीत. त्यांत सरकारला अधिकार कमी आणि कामे जास्त होती.

तिसरे, ठरवणार कोण? ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने ठरवू नये. न्यायालयाने ठरवावे, तेही चुकते, सोलापूरला ते ठाऊक आहे, पण तिथे निदान दुसऱ्या बाजूला उभे राहता येते, अपील करता येते आणि निकालाची कारणे लिहावी लागतात. कक्षाच्या शिक्क्याला यातले काही लागत नाही.

त्याच जुलैत झालेला एक बदल मला या सगळ्या वादात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या मर्यादेला मजकुराशी देणेघेणे नाही. ती खरे-खोटे ठरवत नाही, सरकारधार्जिणे-सरकारविरोधी पाहत नाही. ती फक्त वेग कमी करते. मोबाइलने खाल्लेला मधला वेळ थोडासा परत देते. कंपनीने हे पुण्य म्हणून केले नाही, दबावाखाली केले, हे मी जाणतो. तरी दिशा बरोबर होती. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई तेव्हा ती कोण पिटतो आणि कोणाच्या हुकमाने, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. खोटी दवंडी दिली तर जाब विचारायला माणूस सापडे. पुढे ढकललेल्या संदेशाला धनी नसतो. आवर घालायचा तर या वेगाला आणि बेनामीपणाला घालावा. मजकुरावर शिक्का मारायची घाई करू नये.

असे म्हटल्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वेग कमी केला म्हणून त्याखालची समजूत जात नाही. ती फक्त उद्यावर पडते. हे खरे आहे. त्या समजुतीवर कायद्याचा इलाज नाही; तिथे 'अधिक बोलणे' हेच औषध आहे आणि ते सावकाशच लागू पडते. त्यातला आपला वाटा मात्र आपल्याला उचलता येतो. आपण म्हणजे या अंकाचे वाचक, मराठी ग्रंथांवर प्रेम करणारे लोक. आपल्या लाडक्या ग्रंथांत ती समजूत कुठे कुठे मुरली आहे हे दाखवणे, हे समीक्षेचे काम आहे. 'गावगाडा' अभिजात आहे म्हणून 'फिरस्ते' प्रकरणाकडे कानाडोळा करायचा, किंवा ते प्रकरण आहे म्हणून ग्रंथच नाकारायचा, हे दोन्ही मला सोपे मार्ग वाटतात. काही मित्रांनी मला सुचवले की अशा ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतून ते प्रकरण गाळावे. मी त्याला विरोध केला. गाळले तर तीही कापलेली चित्रफीत होईल. सरकारी शिक्क्याची अफवा मराठीत कशी उतरली, याचा पुरावाच नाहीसा होईल.

माझ्याकडची 'गावगाड्या'ची प्रत रद्दीतून घेतलेली आहे, पुठ्ठा गेलेली. तिसऱ्या वाचनाच्या वेळी मी 'फिरस्ते' प्रकरणाच्या समासात पेन्सिलने दोनच गोष्टी लिहिल्या. एक, 'राईनपाडा, १ जुलै २०१८'. आणि तिच्याखाली, आपल्याच अक्षरात पुन्हा वाचायला लागावे म्हणून, मी जूनमध्ये तीन ठिकाणी पाठवलेल्या त्या संदेशावरची माझी पुस्ती.